दाण्याची काळी बाजू

सरांची मुलगी जिना चढून आली तेव्हा कंपाउंडर साखरेच्या बरणीशी झटापट करत होते.

साखर दमट होऊन तिचा गोळा झाला होता. कंपाउंडरांनी गोळा बशीत काढला, चमचा उलटा धरला आणि अशा काही नेटाने रगडायला सुरुवात केली की टेबलावरचे कागद हलायला लागले.

"अहो, चहाला साखर हवी आहे, पीठ नको," बाई वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाल्या.

"गुठळी दिसली की हात थांबत नाही हो माझा. सरांनी लावलेली सवय. आधी खल, मग बोल, म्हणायचे. त्यांच्या हाताखालून गेलेल्या कुणालाही विचारा."

बाईंनी कुणालाही विचारलं नाही. हे सर, त्यांची प्रयोगशाळा आणि तिथली तीन वर्षं यांविषयी त्या आठवड्यातून दोनदा तरी ऐकत होत्या. चष्म्याच्या दुकानावरच्या या दोन खोल्यांत त्या खाजगी तपासाचं काम करत. औषधांचं दुकान पुतण्याच्या हवाली केल्यापासून कंपाउंडर रोज सकाळी तिथे येऊन बसत. मदतीला, असं ते स्वतः म्हणत. बाई काही म्हणत नसत.

"काका, ओळखलंत?"

दारात उभी असलेली ती पंचेचाळिशी ओलांडलेली होती. कपाळावरचे केस पांढरे झाले होते. पण हनुवटी वर करून पाहण्याची ती तऱ्हा! कंपाउंडरांच्या हातातला चमचा तसाच राहिला. तराजूच्या खोलीतल्या उंच स्टुलावर पाय हलवत बसणारी, 'श्वास रोखा, काटा हलतोय' असं मोठ्या माणसांना दटावणारी दोन वेण्यांची मुलगी त्यांना लख्ख दिसली. चाळीस वर्षं कुठे गेली कोण जाणे.

"बस बाळ, बस," एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

ती बसली आणि पर्समधून एक जुनी वही काढून तिने बाईंच्या पुढे ठेवली.

"माझ्या वडिलांना खोटं ठरवलंय," ती म्हणाली. "वीस वर्षांपूर्वी एकदा ठरवलं होतं. आज चार वाजता पुन्हा ठरवतील, आणि मग ते कायमचं."

"सुरुवातीपासून सांगा. आणि मला औषधांतलं काही कळत नाही, हे धरून चाला."

"बाबांचं औषध लहान मुलांच्या झटक्यांवरचं. ते स्फटिकरूपात पाण्यात विरघळत नाही. पोटात जातं तसं बाहेर पडतं. बाबांनी ते वितळवून झटकन गार केलं, काचेसारखं केलं. तसं ते छान विरघळतं. पण टिकत नाही."

बाईंनी कंपाउंडरांकडे पाहिलं. कंपाउंडर अशा वेळी खुलत.

"लहानपणी पाकाची पारदर्शक गोळी खिशात विसरला असाल. आठवड्याने काढली की वरून पांढरी, खरखरीत. आतले कण कसेही गर्दी करून उभे असतात. संधी मिळाली की कवायतीला उभे राहावेत तसे रांगा लावतात. रांग लागली की झाला स्फटिक. औषधाचंही तेच."

"आणि रांग नेहमी बाहेरून लागायला सुरुवात होते," मुलगी म्हणाली. "आतले कण दाटीत अडकलेले असतात, बाहेरचे मोकळे. बाबा म्हणाले, बाहेरचे तेवढे धरून ठेवले की बास. म्हणून त्यांनी त्या काचेचे बारीक दाणे करून त्यांना लेप दिला. आधी कोळंबीच्या सालापासून काढलेल्या द्रवात बुडवायचं, मग समुद्रातल्या शेवाळाच्या. दोन्ही थर एकमेकांना घट्ट धरतात. केसाच्या जाडीचे हजार भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढा तो लेप."

"एवढ्याने काम होतं?"

"बाबांच्या आकड्यांप्रमाणे होत होतं. चौकशी समितीला ते आकडे फारच चांगले वाटले. अहवालात लिहिलं, 'रचलेले असावेत.' बाबांनी राजीनामा दिला आणि जाताना दहा ग्रॅम दाणे एका बाटलीत मोहोरबंद करून ठेवले. वीस वर्षांनी उघडा म्हणाले. पूड टिकली असेल तर अहवाल मागे घ्या. तशी समितीची सही आहे." तिने वहीवर हात ठेवला. "आठ वर्षांपूर्वी बाबा गेले. शेवटच्या दिवसांत मला तारीख पाठ करायला लावली होती. काल ती तारीख होती. माझ्यासमोर बाटली उघडली. पूड पार स्फटिक झालेली."

 कंपाउंडरांना रडू आवरेना, म्हणून त्यांनी वही उघडली. तेच तिरकं अक्षर. शेवटच्या पानावर लिहिलं होतं: 'दहा ग्रॅम. दाणे साठ नंबरच्या चाळणीतून गळतात, ऐंशी नंबरवर अडतात. लेप हवेतला दमटपणा थोडा ओढतो, त्यामुळे दाणे पुढेमागे एकमेकांना धरतील. तसं झालं तर बाटली आडवी करून हळू गोल फिरवावी. बाकी काही करू नये.'

"तुमचं काय म्हणणं आहे?" बाईंनी मुलीला विचारलं. "कुणी मुद्दाम बिघडवली?"

"मला एवढंच माहीत आहे की बाबा आकडे रचणाऱ्यांतले नव्हते."

बाई उठल्या. "चला कंपाउंडर. चहा राहू दे. तुमची शाळा बघू."

*

प्रयोगशाळेच्या दारातच तो वास आला. स्पिरिट, जुनं लाकूड आणि तापलेली धूळ. कंपाउंडर उंबऱ्यावर थांबले. विसाव्या वर्षी, वडिलांचे बूट घालून ते इथे पहिल्यांदा उभे राहिले होते. तेव्हा सगळ्यांचे झगे पांढरे असायचे. आता जो तो फिकट हिरव्यात होता.

"दोन महिने झाले बदलून," प्रयोगशाळेचे प्रमुख म्हणाले. "डोळ्यांना बरा पडतो म्हणे."

प्रमुख पन्नाशीचे, ताठ, शब्द मोजून बोलणारे. ते सरांचे शेवटचे विद्यार्थी. आणि सरांच्या विरुद्ध गेलेल्या अहवालावरच्या तीन सह्यांपैकी सर्वांत खालची त्यांची.

"म्हणजे बाटली चांगली निघाली असती तर तुमची सही खोटी ठरली असती," बाई सरळ म्हणाल्या.

"हो. आणि तरी मला ती चांगली निघायला हवी होती. तुमचा विश्वास बसणार नाही."

"ते नंतर ठरवू. मोहोर शाबूत होती?"

"माझ्या डोळ्यांदेखत फोडली. लाखेवर शिक्का बरोबर होता. पितळी शिक्का तराजूच्या खोलीतल्या खणात असतो."

"कुलूप लावून?"

"आमच्याकडे शिक्का चोरून कोण काय करणार?"

लाखेचे तुकडे एका बशीत जपून ठेवले होते. बाईंनी एक तुकडा उजेडात धरला आणि कंपाउंडरांपुढे केला. खाली काळपट थर, वर लालभडक. कंपाउंडरांना वाटलं, जुन्या वस्तू अशाच दिसतात. खाली काळ्या, वर बऱ्या.

"वजन?"

"वहीतल्या आकड्याला दोन मिलिग्रॅम कमी. म्हणजे तेवढंच. कुणी काही काढलं नाही, घातलं नाही." प्रमुखांनी दुसरी बशी पुढे केली. "ही ओलावा शोषणारी पुरचुंडी. बाटलीतच होती. आतले दाणे बघा, निळे आहेत. दमट झाले की ते गुलाबी होतात. त्यामुळे ओलाव्यावर खापर फोडता येत नाही. दोष लेपाचाच आहे, नाइलाज आहे."

बोटाच्या पेराएवढी कापडी पुरचुंडी, मेण लावलेल्या दोऱ्याने शिवलेली, तोंडाशी दुहेरी गाठ. बाईंनी ती बराच वेळ निरखली.

"कंपाउंडर, कापडाचा रंग काय म्हणाल?"

"पांढरा. म्हणजे… हिरवट आहे जरासा."

"हं. बाटलीच्या कपाटाच्या किल्ल्या किती?"

"दोन. एक माझ्याकडे, एक खाली कपाटं सांभाळणाऱ्या मामांकडे. महिन्यापूर्वी यादी करायला माझी किल्ली आमच्या केमिस्टने नेली होती."

*

केमिस्ट तिशीतली, चटपटीत होती. तिने आडपडदा ठेवला नाही.

"मी औषधाच्या वेष्टनावर काम करते. प्रत्येक गोळीला बंद कप्पा, आत कोरडी हवा. तीन वर्षं घालवलीत. सरांचा लेप टिकला असता तर माझं काम रद्दीत गेलं असतं. संशय घ्यायचा तर माझ्यावर घ्यायला हरकत नाही."

"महिन्यापूर्वी बाटली पाहिली होती?"

"पाहिली ना. बंदच होती. पण वरचे दाणे चिकटून गोळा झाल्यासारखे काचेतून दिसले. खाली चहाच्या वेळी मी सगळ्यांसमोर बोललेही, सरांची पूड बहुतेक गेली. मामांना फार लागलं ते. मला नंतर वाईट वाटलं."

"आणि काल?"

"काल मी बशीत ओतली. वाळूसारखी सरसर आली. आणि सूक्ष्मदर्शकाखाली घेतली तर… तुम्हीच बघा, काका."

कंपाउंडरांनी डोळा लावला. अशा खास काचांतून पाहिलं की काचेसारखा दाणा काळाच राहतो आणि स्फटिक तेवढा चमकतो, हे त्यांना सरांनीच शिकवलं होतं. काळ्याभोर अंधारात कडा झगझगत होत्या. दिसायला सुंदर होतं, म्हणून जास्तच जीव तुटला.

"चमकतायत," ते हळूच म्हणाले. "बहुतेकांची एखादी बाजू काळीच आहे म्हणा. गोल, गुळगुळीत बाजू."

"ती अजून व्हायची राहिली असेल," केमिस्ट म्हणाली. "स्फटिक एकदम सगळीकडे होत नाहीत."

"चाळून पाहिली?" बाईंनी मध्येच विचारलं.

"चाळून? कशाला? हा काही स्वयंपाक आहे का?"

"मला स्वयंपाकातलंच कळतं. वहीत चाळण्यांचे नंबर आहेत, म्हणून विचारलं."

केमिस्टने हसू दाबलं आणि दोन पितळी चाळण्या काढल्या. चिमूटभर पूड साठवर टाकली, सगळी गळली. मग त्याहून बारीक जाळीच्या ऐंशीवर. तीही निम्म्याहून जास्त गळून खालच्या बशीत आली. तिच्या कपाळाला आठी पडली.

"वीस वर्षांत झिजले असतील," कंपाउंडर म्हणाले.

बाईंनी त्यांच्याकडे अशा मायेने पाहिलं की कंपाउंडरांना आपण काहीतरी अडाण्यासारखं बोललो याची खात्री पटली.

*

मामा तळमजल्यावर कपाटांच्या खोलीत होते. प्रयोगशाळेचे जुने सेवक. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी रोज दहाला हजर, आणि कुणाची त्यांना 'येऊ नका' म्हणायची छाती नव्हती. अंगकाठी एवढीशी, नवा हिरवा झगा घोट्यापर्यंत आला असता, पण त्यांनी तो वीतभर कापून, स्वतःच दुमडून शिवून घेतला होता.

"अरे! खलबहाद्दर तू!" कंपाउंडरांना पाहून मामांचे डोळे भरले. "पहिल्या दिवशी डाव्या हाताने खलत होतास, सर म्हणाले, मामा, याला सरळ करा."

"केलंत की. अजून उजव्याच हाताने खलतो."

दोघे म्हातारे हसले. फळीवर दगडी खलांची रांग तशीच होती. आता पूड यंत्रात दळत, खलांना कुणी विचारत नसे. कंपाउंडर एकेकावरून हात फिरवू लागले आणि त्यांची बोटं धुळीने काळी झाली. टोकाचा सगळ्यांत छोटा, गुळगुळीत खल मात्र आरशासारखा स्वच्छ होता. याच खलात मामांनी त्यांना पहिली पूड खलायला दिली होती. मामांनी तो जपला, याचंच कंपाउंडरांना भरून आलं.

बाई किल्ल्यांच्या फळीपुढे उभ्या होत्या. प्रत्येक किल्लीला कापडी चिठ्ठी, मेणाच्या दोऱ्याने बांधलेली, दुहेरी गाठ.

"सुबक काम आहे. तुमचं?"

"दुसरं कोण करणार? आता सगळं कागदी आलंय."

"लेप देण्याच्या कामात तुम्ही सरांबरोबर होता?"

"नाही हो. ती दोन वर्षं मला खालच्या गोदामात टाकलं होतं. सर वर एकटेच, दार लावून काय ते करायचे. मी आलो तो शेवटी, मोहोर करायला. सर म्हणाले, मामा, हिला जपा. बास. तेवढंच." मामांनी कपाटाकडे पाहिलं. "वीस वर्षं जपली. जाळं धरू दिलं नाही कपाटाला."

"बाटली मध्ये कुणी उघडली असेल का?"

मामा किल्ल्या पुसू लागले. पुसलेली किल्लीच पुन्हा पुसली. "उघडून कोण काय करणार? सरांची वस्तू ती." मग एकदम वर पाहून म्हणाले, "बाई, सरांचं चुकलं नसणार हो. सर चुकायचे नाहीत. काय झालं ते तुम्ही शोधा. माझ्यावर आळ आला तरी चालेल, पण सरांच्या नावाला डाग नको."

"शोधलंय," बाई म्हणाल्या. पण इतक्या हळू की ते फक्त कंपाउंडरांना ऐकू गेलं.

*

चार वाजायला दहा मिनिटं होती. तराजूच्या खोलीत प्रमुखांनी बाटलीच्या तपासणीच्या टिपणाचा कागद पुढे ओढून पेनचं टोपण काढलं होतं. मुलगी खिडकीशी उभी होती. बसायला तिला जुनंच उंच स्टूल दिलं होतं, पण ती बसली नाही. केमिस्ट सूक्ष्मदर्शक घेऊन वर आली होती. मामा दाराशी.

"सही करण्याआधी माझं ऐका," बाई म्हणाल्या. "बाटली उघडली गेली होती. लाखेचे दोन थर आहेत, एक जुना, एक ताजा. शिक्का उघड्या खणात असतो, तो कुणालाही मिळाला असता. आता ती उघडून कुणी काय केलं? चाळणी सांगते. वीस वर्षांपूर्वी ऐंशी नंबरवर अडणारे दाणे आज तिच्यातून गळतात. बंद बाटलीत न हलता पडलेले दाणे झिजत नाहीत, कंपाउंडर. त्यांना कुणीतरी फोडलं."

केमिस्ट पुटपुटली, "महिन्यापूर्वी गोळा होता. काल सरसर ओतली. माझ्या डोळ्यांसमोर होतं."

"होतं. मोकळी, वाळूसारखी पूड पाहून कुणालाच शंका आली नाही, कारण तुमच्या इथे पूड मोकळीच असायला हवी. तर दाणे फोडले, त्यांचा लेप तुटला, उघड्या पडलेल्या जागी कण रांगा लावायला मोकळे झाले. एका महिन्यात चमकायला लागले."

"म्हणजे घातपात," प्रमुख म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "आणि ज्यांना कारण होतं ते दोघं इथेच आहेत. ही आणि मी."

"मलाही आधी तसंच वाटलं. पण मग ही पुरचुंडी." बाईंनी ती तळहातावर घेतली. "पूड बिघडवायला आलेला माणूस ओलावा शोषणारे ताजे, निळे दाणे नव्या पुरचुंडीत शिवून आत ठेवील? आणि दहा ग्रॅममधला कणनकण टिपून परत भरील, दोन मिलिग्रॅम सोडून? हे वैऱ्याचं काम नाही. ज्याचा त्या पुडीवर जीव होता त्याचं आहे."

 तराजूच्या काचेआडचा काटा तेवढा थरथरत होता.

"पुरचुंडी नवी, हे कशावरून?" मुलीने विचारलं.

"कापड फिकट हिरवं आहे. हिरवे झगे येऊन दोनच महिने झाले; त्याआधी इथे सगळं पांढरं होतं. झगे सगळ्यांना मिळाले, पण झग्याचं कापड उरलं एकाकडेच. ज्याने तो वीतभर कापून शिवला. मेणाचा दोरा, दुहेरी गाठ. फळीवरच्या प्रत्येक किल्लीला आहे ती. आणि एवढ्या खलांत एकच खल घासूनपुसून ठेवलेला आहे." बाईंचा आवाज मऊ झाला. "मामा, चहाच्या वेळी तुम्ही ऐकलंत की पुडीचा गोळा झालाय. बरोबर?"

मामांनी दाराची चौकट धरली.

"सगळ्यांसमोर उघडणार होते हो," ते म्हणाले. "सरांची पूड, आणि तिच्यात गुठळ्या! लोक हसले असते. सरांनी आयुष्यभर गुठळी सहन केली नाही. मी म्हटलं, कुणाला कळणार नाही, जरा हात फिरवावा. छोट्या खलात, अगदी हलक्या हाताने. पिसाने झाडून कणनकण भरला. मोहोर तोडली हे चुकलं, म्हणून तोंड उघडलं नाही. पण मी पूड चांगली करून ठेवली होती…" बोलता बोलता त्यांना उमगलं. ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि कंपाउंडरांना तिकडे पाहवेना. "म्हणजे मी… माझ्या हातानेच…"

"आधी खल, मग बोल," बाई कंपाउंडरांना म्हणाल्या. "सकाळी साखर रगडताना तुम्हीच उत्तर सांगितलं होतंत. सरांच्या हाताखालून गेलेल्या कुणालाही विचारा, म्हणालात. सरांनी सगळ्यांना लावलेली सवय. फक्त ती ज्या पुडीला चालणार नव्हती, त्या पुडीविषयी त्यांनी वहीत लिहिलं आणि मामांना सांगायचं राहिलं."

मामा मटकन खाली बसले. "सरांना दुसऱ्यांदा मीच बुडवलं," असं काहीसं ते म्हणत होते. मुलगी त्यांच्याजवळ जाऊन जमिनीवरच बसली. तिलाही रडू फुटलं होतं. प्रमुखांनी पेन खाली ठेवलं.

"दाणे फोडले गेले, हे मी टिपणात लिहीन," ते थकल्या आवाजात म्हणाले. "अहवालावर मात्र काही करता येणार नाही. नमुनाच उरला नाही. लेप टिकला होता की नव्हता, आता कुणीच सांगू शकत नाही."

"कंपाउंडर सांगू शकतात," बाई म्हणाल्या.

"मी?"

"दुपारी काचेतून काय दिसलं तुम्हाला? तेव्हा म्हणालात तेच म्हणा."

कंपाउंडर गोंधळले. "कडा चमकतायत म्हणालो. आणि… एखादी बाजू काळीच आहे. गोल, गुळगुळीत…"

आणि मग, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच, त्यांना बाईंच्या आधी वाक्याचा शेवट दिसला.

"फुटलेली बाजू चमकते!" ते ओरडलेच. "गोल बाजू काळी! अहो, गोल बाजू म्हणजे मूळची! तिच्यावर लेप आहे!"

केमिस्ट आधीच सूक्ष्मदर्शकावर वाकली होती. तिने एक दाणा पाहिला, काच सरकवली, दुसरा पाहिला. बोटांवर मोजत गेली. पन्नास झाल्यावर मोजणं थांबवून ती सरळ झाली.

"एकालाही अपवाद नाही," ती म्हणाली. "जिथे तुटलंय तिथे स्फटिक. जिथे सरांचा लेप आहे तिथे काळं. काचेसारखं. वीस वर्षं झाली तरी."

"एकाच दाण्यावर," बाई म्हणाल्या. "लेप नसलेली बाजू एका महिन्यात गेली. लेप असलेली वीस वर्षं राहिली. नुसती चांगली पूड निघाली असती तर, साहेब, तुम्ही म्हणाला असता, ही पूड मुळातच टिकाऊ होती, लेपाचं काय! आता तसं म्हणता येईल?"

 प्रमुखांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि कितीतरी वेळ काढला नाही. वर पाहिलं तेव्हा ते ताठ वगैरे काही राहिले नव्हते.

"सर मला शंकासुर म्हणायचे," ते म्हणाले. "अहवालावर सही करून त्यांच्याकडे गेलो, तर म्हणाले, तुझी शंका बरोबर आहे, एवढे चांगले आकडे आले की मीही शंका घेतली असती. वीस वर्षं थांब. चहा पाजला मला." त्यांनी समोरचा कागद उलटा केला, कोऱ्या बाजूवर दोनच ओळी लिहिल्या, सही केली आणि तो मुलीकडे दिला.

तिने वाचलं. 'आकडे खरे होते. अहवाल मागे घेत आहे.' ती सही सगळ्यांत खाली नव्हती; कागदावर एकटीच होती.

मुलगी त्या उंच स्टुलावर जाऊन बसली. पाय आता जमिनीला टेकत होते. बराच वेळ तिने कागद नुसता धरून ठेवला. मग उरलेली पूड बाटलीत भरून तिने बाटली मामांसमोर धरली.

"मामा, मोहोर करा."

मामांनी हात मागे घेतले. "मी हात लावू? पुन्हा?"

"बाबांनी तुम्हालाच जपायला सांगितलं होतं. लावा हात." रडतारडता ती हसली. "फक्त खलू नका."

लाख वितळायला ठेवली तेव्हा खोलीत तो जुना वास पसरला. कंपाउंडरांनी न सांगता बाटली बुडाशी धरली, चाळीस वर्षांपूर्वी धरायचे तशी. मामांनी शिक्का दाबला. शिक्का सरळ उमटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपाउंडर चहा करायला उठले. बरणीत साखरेचा गोळा होताच. त्यांचा हात चमच्याकडे गेला आणि तिथेच थांबला. त्यांनी बरणी आडवी केली आणि हळूहळू गोल फिरवायला लागले.

"आज चहा मिळेल ना?" बाईंनी वर्तमानपत्राआडून विचारलं.

"मिळेल हो. जरा वेळ लागेल."

बाईंनी पान उलटलं. पुन्हा घाई केली नाही.